गुन्ह्यात सापडलेली मुलं आणि शिडाची जहाजं: फरक पडतो का, आणि कशाने पडतो

प्रश्न असा आला आहे: "मी मुंबईतल्या एका निरीक्षण गृहात समुपदेशक आहे. इंग्लंड-फ्रान्सकडे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना शिडाच्या जहाजावर नेतात, असं वाचलं. त्याने मुलं खरंच मार्गाला लागतात, की लोकांच्या पैशाने सहल होते? आणि आपल्याला एवढा किनारा असताना इथे असं काही करता येईल का?"

ताई, आधी थोडक्यात सांगतो, मग सविस्तर. फरक पडतो. माहितीपत्रकांत रंगवतात तेवढा नाही, पण विरोधक म्हणतात तसा शून्यही नाही. आणि तो टिकणार की विरणार, हे बोट बंदराला लागल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं. व्यापारी जहाजं सोडल्यावर मी बरीच वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तरुणांना नेणाऱ्या शीडनौकांवर मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, होतो. काही फेऱ्यांना 'यूथ ऑफेंडिंग टीम'ने पाठवलेली मुलं असायची. 1998च्या कायद्याने तिकडे प्रत्येक भागात अशी टीम नेमली गेली. पोलीस, समाजसेवक, शिक्षण आणि आरोग्य खात्यांची माणसं त्यात एकत्र बसतात. इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून मुलावर खटला चालू शकतो, त्यामुळे या टीमकडे आलेला एखादा मुलगा आपल्याकडच्या पाचवीतल्या पोराएवढाही असतो. बोटीवर मात्र साधारण चौदा ते अठराची मुलं येत.

बोट कशी असते ते आधी डोळ्यांपुढे आणा. दोन डोलकाठ्यांची, सत्तरेक फुटांची केच. बारा मुलं, चार-पाच मोठी माणसं. खाली एक लांब टेबल, बाजूंना एकावर एक बंक, दोन संडास, चार शेगड्यांचं स्वयंपाकघर. कुलूप लागेल अशी खोली कुणालाच नाही. निजण्याची जागा कप्तानाची जेवढी रुंद, तेवढीच मोबाइल चोरून पकडलेल्या पोराची. कोठडी, वसतिगृह, शाळा पाहिलेल्या मुलाला हे लगेच कळतं, कारण मोठ्यांची खोली वेगळी, त्यांचं जेवण वेगळं आणि संध्याकाळी त्यांना घरी जाता येतं, हे त्याने सगळीकडे पाहिलेलं असतं. इथे आम्ही घरी जाऊ शकत नाही. माझ्या मते अर्धं काम या एका गोष्टीने होतं.

पहिले दोन दिवस मुलं आम्हाला जोखतात. त्यांनी आजवर प्रत्येक नियम कुणा ना कुणा माणसाच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि माणसाशी भांडून, गोड बोलून किंवा त्याला थकवून नियम वाकवता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पाण्याचं तसं नाही. वाइट बेट आणि इंग्लंडचा किनारा यांच्यामधल्या सोलेंट सामुद्रधुनीतून पश्चिमेला बाहेर पडायचं तर हर्स्टच्या अरुंद तोंडाशी ओहोटीच्या पाण्यावर स्वार होऊन जावं लागतं. नाश्त्याची भांडी कुणी घासायची यावर तासभर वाद झाला आणि निघायला उशीर झाला, की प्रवाह उलटतो. मग शिडं भरलेली, बोट पाणी कापतेय आणि शेजारचा दीपस्तंभ हलायला तयार नाही! तेव्हा आम्ही कुणी ओरडत नाही, शिक्षा देत नाही, 'बघ, सांगितलं होतं' असंही म्हणत नाही. नकाशा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक टेबलावर ठेवतो आणि उद्याची वेळ त्यांनाच काढायला सांगतो. दुसऱ्या दिवशी भांडी कुणी घासली हे विचारावं लागत नाही.

मग मुलांना बोट लागते. बाहेरच्या पाण्यात गेल्यावर पहिल्या काही तासांत निम्मी मुलं कठड्याशी ओकत असतात, आणि बहुतेकदा त्यांच्यासोबत आलेला टीमचा कार्यकर्ताही. हा कार्यकर्ता ऑफिसात टेबलापलीकडे बसून आठवड्यातून एकदा 'कसं चाललंय?' विचारणारा. आता तो हिरवा पडलाय आणि तोच पोरगा त्याच्या हार्नेसची (अंगातल्या सुरक्षापट्ट्याची) कडी दोराला लावून देतोय, प्यायला पाणी आणतोय. असं मुद्दाम कधी घडवून आणता येत नाही. समुद्र ते फुकट करून देतो. म्हणून मी एका अटीवर अडून बसायचो: मुलांना पाठवणाऱ्या टीमचा माणूस बोटीवर आलाच पाहिजे, आणि किनाऱ्यावर परतल्यावर त्या मुलांची जबाबदारी ज्याच्याकडे असेल तोच आला पाहिजे. बदली माणूस चालणार नाही. माझं आणि मुलाचं जुळलं तर तो माझा आनंद. मी शनिवारी दुसऱ्या गटाला घेऊन निघणार. त्याच्या कार्यकर्त्याचं जुळलं तर ते सोमवारी, पुढच्या महिन्यात, कोर्टाच्या तारखेला, घरातून हाकललं त्या रात्री उपयोगी पडणार. या सगळ्या प्रकारातलं माझं म्हणणं एका वाक्यात मागितलंत तर हेच आहे. बाकी शिडं, दोर, वारा हे त्या दोघांना एका बाकावर आणून बसवण्याचं साधन.

रात्रपाळीचंही तेच. वाइट बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून फ्रान्सच्या शेरबोर्ग बंदरापर्यंत साधारण साठ सागरी मैल. चांगला वारा असला तर दहा-बारा तास. संध्याकाळी निघालं की पहाटे किनारा दिसतो. चार तासांच्या पाळीत दोघं-तिघं सुकाणूपाशी, काळोखात, सगळ्यांच्या नजरा पुढे. समोरासमोर बसवून जे मूल दोन वर्षांत बोललेलं नसतं, ते अशा वेळी बोलतं, कारण त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. तुम्ही समुपदेशक आहात, त्यामुळे हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. एक सावधगिरी मात्र सांगतो. काळोखात मुलं कधीकधी अशा गोष्टी सांगतात, ज्या ऐकल्यावर कायद्याने कळवाव्या लागतात. ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं असतं. विश्वास कमावून मग पाठीत वार केल्यासारखं व्हायला नको.

जामिनावरची किंवा पायात इलेक्ट्रॉनिक टॅग असलेली मुलं बहुधा शेरबोर्गला जात नाहीत, हेही खरं. रात्री सात ते सकाळी सात घरीच राहण्याची अट असलेल्या पोराला आठवडाभर बोटीवर न्यायचं तर आधी कोर्टातून अट बदलून घ्यावी लागते. मग पासपोर्ट, मग आईवडिलांची किंवा पालकत्व असलेल्या खात्याची सही. मुलांना शीड चढवायला शिकवण्यापेक्षा या कागदांना जास्त दिवस लागतात.

सुरीचा प्रश्न मला नवीन मेट नेहमी विचारतात. दोर अडकला तर कापायला खलाशाच्या कमरेला सुरी हवी. पण गटातल्या निम्म्या मुलांवर सुरी बाळगल्याचेच गुन्हे. काही बोटी सगळ्या सुऱ्या कुलपात ठेवतात. आम्ही बोथट टोकाच्या, दोरीने बांधलेल्या सुऱ्या पाळीवर असलेल्यांना द्यायचो आणि पाळी संपली की मोजून परत घ्यायचो, मोठ्यांकडूनही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची जागा भिंतीवर आखलेली. एक जागा रिकामी दिसली की सगळं थांबायचं. हत्यार म्हणून खिशात ठेवलेली वस्तू इथे अवजार म्हणून मोजून हातात मिळते, याचा परिणाम मी पाहिला आहे. पण हे प्रत्येक गटाला झेपत नाही. आधीच्या दिवशी मारामारी झाली असेल तर सुऱ्या कुलपातच.

डोलकाठीवर चढण्याची सक्ती कधीच करायची नाही. ज्याला जायचंय तो हार्नेस लावून जाईल, ज्याला नाही तो खाली दोर सांभाळेल, आणि दोघांची गणती सारखीच. घरी मार खाऊन वाढलेल्या मुलाला 'भिऊ नको, जा वर' म्हणणं म्हणजे त्याला माहीत असलेलाच धडा पुन्हा देणं. 'संघभावना शिकवतो' ही जाहिरातही मला हास्यास्पद वाटते. टोळीत वाढलेल्या पोराला संघभावना शिकवायला निघणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणं. निष्ठा, गुप्तता, हुकूम पाळणं, सगळं त्याला आमच्याहून जास्त येतं. त्याला मिळालेलं नसतं ते असं काम, ज्यात त्याची पूर्वीची ओळख कुणी विचारत नाही आणि ते नीट झालं की डोळ्यांना दिसतं. सुकाणू सरळ धरलं तर मागे पाण्यात रेघ सरळ उमटते. मागे वळून ती बघणारी मुलं मी पाहिलीत. पाच दिवस नीट काम केलं तर रॉयल यॉटिंग असोसिएशनचं 'कॉम्पिटंट क्रू'चं प्रमाणपत्र मिळू शकतं. पुष्कळांच्या हातात आरोपपत्राशिवाय आलेला तो पहिला सरकारी थाटाचा कागद.

आता इतिहासाकडे वळतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आधीच होऊन गेली आहे आणि अजून लोक ती करतात.

जहाजावर टाकून मुलं सुधारायची ही कल्पना जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जुनी युद्धनौका नदीत नांगरून तिच्यावर सुधारगृह चालवायची पद्धत निघाली. लिव्हरपूलला मर्सी नदीत 'अकबर' हे असं एक जहाज, कॅथलिक मुलांसाठी 1864 पासून 'क्लॅरेन्स' हे दुसरं, टेम्सवर 'कॉर्नवॉल'. (अकबर नाव वाचून चमकू नका, जहाज इंग्रजांचंच.) शिक्षा झालेली शेकडो मुलं, नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी, वेताचा मार, आणि जहाज जागचं हलत नाही. 1884 मध्ये मुलांनी 'क्लॅरेन्स'ला आग लावली. ते जळून गेलं. त्याच्या जागी त्याच नावाचं दुसरं जहाज आणलं, तेही 1899 मध्ये जळालं. मधल्या काळात, 1887 मध्ये, 'अकबर'वर बंड झालं. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरात 'व्हर्नन' आणि नंतर 'सोब्राऑन' ही जहाजं त्यापेक्षा बरी चालली; तिथल्या नाइटनस्टाइन नावाच्या अधीक्षकाने शिक्षेऐवजी दर्जे आणि सवलतींची चढती पायरी आखली होती. पण तिथल्या बहुतेक मुलांचा गुन्हा उघड्यावर राहणं एवढाच होता, हे लक्षात घ्यायला हवं. इटलीत नेपल्स बंदरात 1913 पासून जुलिया चिविता फ्रांचेस्की या बाईंनी 'काराच्चोलो' नावाच्या जहाजावर रस्त्यावरची मुलं घर चालवावं तशी सांभाळली. तुरुंगाचा वास नसलेलं हे बहुधा एकच जहाज. फॅसिस्ट राजवटीने 1928 मध्ये ते काढून घेतलं.

'क्लॅरेन्स'वरून शिकायचं ते एवढंच की शे-दोनशे मुलं, सगळी एकाच शिक्क्याची, एकत्र कोंडली की ती एकमेकांची शाळा होतात. पुढे मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या डिशन, मॅकॉर्ड आणि पूलँ यांनी 1999 मध्ये दाखवलं की बिघडलेल्या किशोरांचे गट करून त्यांना सुधारायला गेलं तर काही कार्यक्रमांत मुलं आधीपेक्षा जास्त बिघडतात. एकमेकांच्या हसण्याने आणि दाद देण्याने गुन्ह्याच्या गोष्टींना खतपाणी मिळतं. बोटीवर हे रोज दिसतं. बाराही मुलं एकाच वस्तीतली असतील तर वस्तीतली उतरंड चढणीच्या फळीवरूनच आत येते.

यावरचा उपाय मला सर्वांत स्पष्ट दिसला तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, मिशेल जाऊएन यांच्या कामात. हे उएसाँ बेटावर 1920 मध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री. पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात ते तरुण कैद्यांचे पाद्री होते. 1951 मध्ये त्यांनी एक संस्था काढली. तिचं नाव 'गुरुवार-रविवारचे मित्र', कारण त्या काळी फ्रान्समध्ये शाळेला हे दोन दिवस सुट्टी असे आणि मोकळी मुलं त्याच दिवशी रस्त्यावर सापडत. 1968 मध्ये त्यांनी 'बेल एस्प्वार' ही तीन डोलकाठ्यांची स्कूनर घेतली. ती 1944 मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेली, आधी गुरं वाहणारी, मग स्कॉटलंडमध्ये 'आउटवर्ड बाउंड' या तरुणांना साहसी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं प्रशिक्षण जहाज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यसनात अडकलेल्या तरुणांना घेऊन ते अटलांटिक ओलांडू लागले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जहाजावर फक्त तेच तरुण नसत. विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, पैसे भरून आलेले हौशी, कोर्टाने पाठवलेले, नुकतेच तुरुंगातून सुटलेले, सगळे एकाच पाळीच्या यादीत. कोण कुठून आलंय हे कप्तान विचारत नसे आणि सांगत नसे. आणि उतरल्यावर लांडेदा गावी आबेर व्राक खाडीवर त्यांची कार्यशाळा होती: सुतारकाम, वेल्डिंग, बोटी दुरुस्ती, शिडं शिवणं. समुद्रावरून आलेला पोरगा थेट पॅरिसच्या जुन्या चौकात परतण्याऐवजी वर्षभर तिथे राहू शके. 2016 मध्ये जाऊएन गेले तोवर हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या बऱ्याच गोष्टी आजच्या सुरक्षा तपासनिसाला चक्कर आणतील. पण मिसळलेले खलाशी आणि किनाऱ्यावरची कार्यशाळा ही जोडी अजून कुणी याहून चांगली बसवल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही पुरावा मागाल, आणि मागायलाच हवा. फक्त शिडाच्या जहाजांचा, फक्त गुन्ह्यातल्या मुलांवरचा, चिठ्ठ्या टाकून दोन गट करून झालेला मोठा अभ्यास हाताशी नाही. जवळचे आहेत ते डोंगर-जंगल-समुद्र अशा सगळ्या साहसी कार्यक्रमांचे. केली आणि बेअर यांनी साठच्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये 120 मुलं घेतली. साठ जणांना आउटवर्ड बाउंडला पाठवलं, साठ जणांना नेहमीची सुधारगृहाची वाट. एका वर्षाने पुन्हा पकडली गेलेली पहिल्या गटात 20 टक्के, दुसऱ्यात 42 टक्के. पाच वर्षांनी मात्र तो फरक इतका घटला होता की आकडेशास्त्राच्या कसोटीवर उरला नाही. 2000 मध्ये विल्सन आणि लिप्सी यांनी अशा 28 अभ्यासांची एकत्र मांडणी केली: कार्यक्रमात गेलेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे 29 टक्के, न गेलेल्यांत 37. त्यांच्या दोन निष्कर्षांवर मी फार वेळा बोट ठेवतो. ज्या कार्यक्रमांत अंगमेहनत खरी होती किंवा जोडीला समुपदेशन होतं त्यांचे निकाल चांगले. आणि दहा आठवड्यांहून लांबलेल्या कार्यक्रमांचे निकाल छोट्या कार्यक्रमांपेक्षा कमी. म्हणजे 'वर्षभर समुद्रावर ठेवा, मग बघा' हा ज्यांचा आग्रह असतो त्यांना आकडे साथ देत नाहीत.

29 आणि 37 मधला फरक लहान वाटेल. पण हे आकडे इंग्लंडच्या कोठडीशेजारी ठेवून पाहा: तिथे गेल्या दशकात कोठडीतून सुटलेल्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात पुन्हा गुन्ह्यात सापडत. अर्थात कोठडीत जातात ती मुलं जास्त गुंतलेली, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंग्लंड-वेल्समध्ये 2008च्या सुमारास अठराखालची जवळजवळ तीन हजार मुलं कोठडीत होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती संख्या पाचशेच्या आसपास आली. ही घट शिडांनी आणलेली नाही. किरकोळ गुन्ह्यात मुलाला कोर्टापर्यंत न नेणं, आत न टाकणं, हे पोलीस आणि न्यायाधीशांनी ठरवलं म्हणून ती झाली. तेव्हा एखाद्या संस्थेकडे एकच रुपया असेल आणि तो बोटीवर की परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांची संख्या वाढवण्यावर खर्चायचा असा प्रश्न असेल, तर मी खलाशी असूनही अधिकाऱ्यांच्या बाजूने हात वर करीन.

'सहल' हा आक्षेप तिकडेही आहे. 1993 मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी आफ्रिकेला नेलेल्या एका मुलावरून एवढा गदारोळ केला की पुढे कित्येक वर्षं परदेशी न्यायच्या कुठल्याही कार्यक्रमाला पैसे मिळणं अवघड झालं. मी या वादात फार पडत नाही. पहाटे तीनला भर पावसात शीड आखडायला उठवलेल्या पोराला सहल कशी वाटली ते विचारावं. पण ज्याचा मोबाइल त्याच पोराने हिसकावला, त्याला राग येणं साहजिक आहे, आणि त्याच्याकडे बघून 'तुम्हाला कळत नाही' म्हणणाऱ्या संस्था मला आवडत नाहीत. चांगले गट फेरीआधी नुकसानभरपाईचं किंवा सेवेचं काम करून घेतात, आणि फेरी त्याच्या बदल्यात मिळालेलं बक्षीस नाही हेही मुलाला स्पष्ट सांगतात.

जीवाचा धोका मात्र खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणारा माणूस तुमच्या दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. 1984 मध्ये शिडांच्या शर्यतीत बर्म्युडाजवळ 'मार्केस' हे जहाज बुडालं. 28 पैकी 19 जण गेले, त्यात तरुण प्रशिक्षणार्थी होते. अमेरिकेत 'व्हिजनक्वेस्ट' ही संस्था कोर्टाने सोपवलेल्या मुलांना जहाजांवर नेत असे. 1980 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात त्यांच्या बोटीच्या अपघातात मुलं आणि कर्मचारी बुडून मेले. उलट 2010 मध्ये 'कॉन्कॉर्डिया' ब्राझीलजवळ कलंडून बुडालं तेव्हा 64 च्या 64 जण वाचले, कारण तराफ्यात उतरण्याचा सराव सगळ्यांनी आधी केला होता. कोर्टाच्या ताब्यातलं मूल स्वतःहून 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी पैसे भरून आलेल्या हौशी माणसापेक्षा जास्त असते.

आता आपल्याकडचं. इथे अजून असा कार्यक्रम मी चालवलेला नाही, पण कायदा आणि समुद्र दोन्ही थोडे ओळखतो. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 18 खाली बाल न्याय मंडळ मुलाला गट समुपदेशनाला किंवा तशाच उपक्रमाला पाठवू शकतं, परिविक्षेवर सोडू शकतं, जोडीला शाळेत किंवा व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जाण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणजे वाट बंद नाही. कलम 74 मुळे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून देणगीदारांसाठी हसऱ्या पोरांचे फोटो काढण्याचा मोह पहिल्या दिवसापासून सोडावा लागेल. बोटीवरच्या पाहुण्यांचे मोबाइलसुद्धा. कलम 24 प्रमाणे दोषी ठरल्याने पुढे अपात्रता चिकटत नाही. अपवाद एवढाच की सोळा पूर्ण झालेल्या आणि बाल न्यायालयाने प्रौढासारखं ठरवलेल्या मुलाला हे संरक्षण नाही. पुढे ज्याला खरोखर जहाजावर नोकरी करायचीय त्याच्यासाठी ही गोष्ट मोठी आहे, कारण पासपोर्टची पोलीस पडताळणी तिथे आडवी येते.

बोट बांधण्याची अडचण नाही. नौदलाचं 'तरंगिणी' हे प्रशिक्षण जहाज गोव्यातच बांधलं गेलं, 1997 मध्ये नौदलात दाखल झालं, आणि त्याचा आराखडा कॉलिन मडी यांचा. इंग्लंडच्या सी कॅडेटांसाठी (किशोरांना समुद्राचं शिक्षण देणाऱ्या संघटनेसाठी) पहिलं 'रॉयलिस्ट' जहाज आखलं ते हेच गृहस्थ. पण तुम्ही तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं स्वप्न बघू नका, निदान पहिली काही वर्षं. त्याचा नुसता रंग आणि दोर यांचा खर्च संस्थेला गिळून टाकतो. खाडीत चालणाऱ्या चार-पाच लहान शीडबोटी, मदतीला सोबत राहणारी एक मोटरबोट आणि किनाऱ्यावर शेड, एवढ्यावर सुरुवात होते. आपल्या पावसाळ्याने तर जाऊएन यांची पद्धत जवळजवळ सक्तीची करून ठेवली आहे: जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्यात जाता येत नाही, म्हणून ते चार महिने शेडमध्ये. बोटी उलट्या टाकायच्या, लाकूड तासायचं, फायबरचं काम, इंजिन खोलणं, शिडं उसवून शिवणं. ज्या मुलाने जुलैत बोटीची भेग बुजवली तो ऑक्टोबरात तिच्यात बसताना ती भेग आधी बघतो.

शिकवायला माणसं मिळतील. निवृत्त नौसैनिक आणि कोळीवाड्यातले तांडेल, दोघंही घ्या. एकटे नौसैनिक घेतलेत तर महिन्याभरात कवायत सुरू होईल, आणि कवायतीची बूट कॅम्पं मुलांना गुन्ह्यापासून रोखत नाहीत हे अमेरिकेत पुरेसं सिद्ध झालं आहे. एक गोष्ट मात्र करू नका. 'समुद्राचं प्रशिक्षण' म्हणून मुलाला मासेमारीच्या ट्रॉलरवर कुणाच्या हवाली करायचं नाही, मालक कितीही भला असला तरी. ती मजुरी आहे, आणि तिथे रात्री काय चालतं ते बघायला तुमचा माणूस नसतो.

आणि गट मिसळलेला ठेवा. दहा मुलांत तीन किंवा चार तुमच्याकडची, बाकीची जवळच्या कॉलेजातली, वस्तीतली, सी कॅडेटमधली. कोण कुठलं हे फक्त दोन मोठ्या माणसांना माहीत असावं. कॉलेजच्या मुलांचे पालक विचारतील. त्यांना खोटं सांगायचं नाही, 'सगळ्या प्रकारची मुलं असतात' एवढंच सांगायचं आणि ज्यांना ते नको त्यांची फी परत करायची.

तुमच्या पत्रात शेवटी विचारलंय की सुरुवात कुठून करायची. बोटीपासून नको. आधी तुमच्या गृहातून सुटलेल्या मुलांपैकी किती जणांना सुटल्यानंतर सहा महिने एकच ओळखीचा माणूस भेटत राहतो ते मोजा. हा आकडा हाती आला, की त्यातले जे कार्यकर्ते पाण्याला घाबरत असूनही यायला तयार असतील, त्यांची यादी मला पाठवा. पोहता येत नसलं तरी चालेल. लाइफजॅकेट सगळ्यांनाच घालावं लागतं. ऑक्टोबरच्या मध्यावर वारा बसला की दोन दिवस फक्त त्यांना घेऊन खाडीत जाऊ. मुलं त्यानंतर.